आण्णांच्या उसाचा नंबर

आण्णांच्या दशक्रियेला माईक मी स्वतः धरला. घरच्या माणसानं तो धरायचा नसतो, गावातल्या एखाद्या गुरुजींकडून निवेदन करून घेतात. भावकीत कुजबुज झाली. पण थोरला भाऊ विधीला बसला होता, आणि श्रद्धांजलीची यादी मला दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नव्हती. एका माणसाला आण्णांवर एक शब्दही बोलू द्यायचा नाही, एवढं मी त्या दहा दिवसांत ठरवलं होतं.

आण्णा म्हणजे माझे वडील. पंधरा वर्षं नौदलात, जहाजाच्या इंजिनरूममध्ये. त्यानंतर शेवटपर्यंत चार एकर बागायत. शेतावर जायच्या आधी रोज दाढी करायचे. जेवलेलं ताट स्वतः धुवायचे, त्यावरून चुलते हसायचे. बैलाच्या दाव्याला अशी गाठ मारायचे की बैलानं कितीही ओढलं तरी सुटायची नाही, आणि आईनं एक टोक ओढलं की मोकळी. मला आणि बहिणीला, दोघांनाही विहिरीत पोहायला त्यांनीच शिकवलं. घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्यांच्यामुळे. नगरच्या कॉलेजात माझा प्रवेश घ्यायला ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आले आणि कारकुनासमोर ताठ उभे राहिले.

तसेच ते एकदा साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत उभे राहिले. वजनकाट्याबद्दल एकच प्रश्न विचारला, आवाज न चढवता. उत्तर आमच्या गटाच्या संचालकानं द्यायचं होतं. त्याला ते देता आलं नाही, आणि मागं कोणीतरी हसलं.

त्या हंगामात आमच्या उसाला वेळेवर तोड आली नाही. लागवडीच्या नोंदीप्रमाणे तोडणीचा नंबर डिसेंबरात होता. आमच्यानंतर दोन महिन्यांनी लावलेले ऊस गाड्यांत भरून आमच्या दारावरून गेले. आण्णा रोज सकाळी कारखान्याच्या गट ऑफिसात जाऊन रांगेत उभे राहायचे. कोणाचा राग असो नसो, जहाजावर पाळी ठरल्या वेळी येतेच, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. कोणाच्या घरी जाऊन हात जोडणं त्यांना माहीतच नव्हतं. एकदा मी सोबत होतो. संचालक चार माणसं घेऊन चहा पीत बसला होता.

"नेव्हीवाले, नंबर आला की सांगतो," तो म्हणाला. "जहाजावर शिस्त शिकवली असंल की तुमाला."

चौघं हसले. आण्णा मान हलवून वळले. मी मात्र त्याच्या बशीकडे बघत राहिलो.

जानेवारीत उसाला तुरे आले. मार्चमध्ये कांडी आतून पोकळ व्हायला लागली. शेजाऱ्यानं सुचवलं, पेटवून द्या, जळका ऊस कारखान्याला लगेच न्यावाच लागतो, सगळेच करतात. आण्णा म्हणाले, "आग विझवायला शिकलोय मी. लावायला न्हाई." तोडणीची टोळी आली ती मे महिन्यात. मोळी उचलणारी बाई म्हणाली की ह्यात वजनच उरलं नाही. पुढं आण्णांनी तोडीनंतर फुटलेला खोडवा नांगरून टाकला आणि पुन्हा ऊस लावला नाही. त्यावर घरात कधी बोललेही नाहीत. आई मात्र त्या माणसाची गाडी रस्त्यानं दिसली की ओसरीवरून उठून आत जायची.

दशक्रियेला तो आला. आमच्याकडे पुढाऱ्यांनी दहाव्याला येऊन बोलायची रीतच आहे. आधी मोठा, मग त्याहून लहान, आणि वेळ उरला तर साधी माणसं. तो पुढच्या खुर्चीवर बसला. घाटावरच्या मंडपाची सावली तिथून सरकली होती. त्याच्या माणसानं चिठ्ठी आणून दिली, साहेबांना अजून तीन ठिकाणी जायचंय, आधी घ्या. मी ती यादीखाली ठेवली आणि पहिलं नाव पुकारलं ते आमच्या शेतात खुरपायला येणाऱ्या मावशींचं. त्या म्हणाल्या, "आण्णा आमच्या घरी जेवले तरी सोताचं ताट सोता धुवायचे. एवढंच." मग मोटारी दुरुस्त करणारा मेस्त्री बोलला. मग जहाजावरचे एक जोडीदार, साताऱ्याहून आलेले. मग माझी बहीण.

संचालक उठून जवळ आला. हळूच म्हणाला, "सर, माझं घेऊन टाका. दोनच शब्द."

"बसा साहेब. नंबर आला की सांगतो."

माईक चालू होता. मी मुद्दाम चालू ठेवला होता. कोणी हसलं नाही, पण आमच्या भागात हे वाक्य प्रत्येक ऊसवाल्यानं कधी ना कधी ऐकलेलं असतं. त्याला आठवलं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. सगळं गाव घाटावर बसलेलं, त्यामुळे त्याला उठून जाताही येईना. तो परत उन्हात जाऊन बसला. मी आणखी आठ जणांना बोलावलं, आभार मानले आणि माईक बंद केला.

आण्णांना हे आवडलं नसतं. थोरल्या भावानं तसं बोलून दाखवलं, आणि ते खरं आहे. त्यांनी त्याला सगळ्यांत आधी बोलू दिलं असतं. मी शाळेत पोरांचे क्षमेवरचे निबंध तपासतो, बरे गुणही देतो. पण तीन वर्षं झाली तरी त्या सकाळचा मला पस्तावा नाही.

बायकांच्या घोळक्यातून आईला नीट दिसलं नव्हतं. घरी आल्यावर तिनं विचारलं, "त्यो उनात हुता का सावलीला?"

"उन्हात."

"किती येळ?"

"दीड तास असंल."

"ऊस पाच म्हयने हुता," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली.