पेढा खाऊन या

बारामतीत मी पोटातल्या बाळांचं काळीज सोनोग्राफीवर तपासते. त्याचे चार कप्पे शोधायचे, ते रक्त नीट ढकलतंय का पाहायचं. बाळ पालथं असलं की पाठीचा कणा आड येतो आणि काही दिसत नाही. मग मी आईला बाहेर पाठवते. काही गोड खा, जरा चाला, बाळ हललं की परत या.

सणसरहून सासू-सुना आल्या होत्या. सुनेला सहावा महिना. तिकडच्या डॉक्टरांना बाळाचे ठोके फार जलद वाटले होते. बाळ पालथंच. बाहेर गर्दी, मी वैतागलेली. म्हणाले, पेढा-बिढा खाऊन या.

चूक माझीच. मुलगा की मुलगी हे सांगायला कायद्यानं बंदी आहे, भिंतीवर तसा फलक आहे, आणि म्हणूनच माझ्या तोंडून काय निघतं याकडे लोक कान लावून असतात. पेढा म्हणजे मुलगा, जिलेबी म्हणजे मुलगी, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. अर्ध्या तासानं दोघी परत आल्या, तोवर सासूबाईंनी बाकावरच्या बायकांना पेढे वाटले होते आणि घरी फोनही केला होता.

बाळ आता वळलं होतं. ठोके खरंच फार जलद होते; काळीज पुरतं भरायच्या आतच आकसत होतं, भोवती थोडं पाणीही साठलेलं. मी तसं सांगितलं. पेढ्याचं मी सहज म्हणाले होते, हेही सांगितलं.

सासूबाईंनी उरलेल्या पेढ्यांचा पुडा पिशवीत सारला. मग म्हणाल्या, "म्हंजी पोरगी हाय. म्हनून असं सांगताय व्हय? असू द्या की पोरगी. तिचं काळीज चांगलं हाय, एवढं म्हना."

मघापासून मी मनातल्या मनात त्यांना नावं ठेवत होते. मला लाज वाटली. मुलगा-मुलगी यावर मी बोलू शकत नव्हते आणि त्यांना हवं ते वाक्य माझ्याकडे नव्हतं. आजच पुण्याला जा, म्हणाले. आईला दिलेलं औषध बाळापर्यंत पोचतं, पुष्कळदा ठोके ताळ्यावर येतात. नक्की येतीलच असं मात्र म्हणाले नाही.

चिठ्ठी लिहायला मी पोटावरचं यंत्र उचलू लागले, तर सुनेनं माझं मनगट धरलं.

"राहू द्या थोडं," ती म्हणाली. "चालू हाय तवर बघू द्या."

सोनोग्राफीचा पडदा पेशंटकडे वळवायची आमच्याकडे रीत नाही. मी वळवला, आणि बाहेरच्या बायका खोळंबल्या तरी हात हलवला नाही.