इर्माच्या वाटणीची येर्बा

वाल्देमार कुइतिन्योला दुरास्नोच्या पलीकडच्या त्या गावात सगळे ओळखत, पण बोलायला कुणी थांबत नसे. तो तोंड उघडी ते जिवाणूंवर बोलायलाच. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेत मागच्या खोलीत एक पोलादी टाकी होती. लसूणघासाच्या मुळांवर गाठी धरून पिकाला जोम देणारे जिवाणू तो तिच्यात वाढवी आणि त्यांना 'मंडळी' म्हणे. "मंडळींना आज थंडी वाजतेय," असं गंभीरपणे सांगून तो आपल्या अंगावरचा लोकरी पोंचो टाकीला गुंडाळी आणि स्वतः कुडकुडत बसे.

बायको, इर्मा, चार वर्षांपूर्वी वारली. तेव्हापासून त्याला मंडळींखेरीज कुणी उरलं नव्हतं. आणि आता संस्था टाकी बंद करून जिवाणूंची तयार पाकिटं आणायच्या बेतात होती.

"आधी बघू, तुझी मंडळी बियाण्यावर चार दिवस तरी जगते का," मॅनेजर ओलास्कोआगा म्हणाला. "नाहीतर फाटकावरचा वजनकाटा सांभाळायचं काम आहेच तुझ्यासाठी. तो ऐकून तरी घेईल."

मोजदाद करायला मोंतेविदेओहून झुनिनो नावाच्या शेतकी इंजिनिअरबाई आल्या. डिंकाच्या पाण्यात जिवाणू कालवून बियाण्याला चोळले, की दाणा सुकता सुकता ते मरतात, हे दुखणं जुनंच. चार दिवसांनी पाकिटातले शंभरात दहा उरले. वाल्देमारचे चाळीस.

बाईंनी पुन्हा मोजलं. तेवढेच.

"डिंकात काय घालता?"

"साखर. ती सगळेच घालतात."

"काहीतरी लपवताय तुम्ही."

"बाई, माझ्याकडे लपवण्यासारखं काही असतं, तर एव्हाना कुणी चोरायला तरी आलं असतं."

"मला कागदावर लिहिता आलं नाही तर टाकी वाचणार नाही. उद्या सकाळपासून मी इथंच बसते. तुम्ही रोजच्यासारखं करा."

दुसऱ्या दिवशी वाल्देमार इस्त्रीचा शर्ट घालून आला. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात येर्बाची, म्हणजे तिकडच्या चहासारख्या कडवट पाल्याची, भोपळ्याची वाटी. रिवाजाप्रमाणे पहिली वाटी त्यानं स्वतः नळीनं ओढली, दुसरी भरून बाईंपुढे धरली. बाईंनी ती पिऊन मुकाट्यानं परत दिली. मुकाट्यानं दिली म्हणजे आणखी हवी. 'आभारी आहे' म्हटलं की तुमचं संपलं. बाई दुपारपर्यंत सहा वाट्या प्यायल्या. वाल्देमार इतका खुशीत होता की सबंध सकाळ त्यानं मंडळींचं नावसुद्धा काढलं नाही.

त्या दिवशी चोळलेल्या बियाण्यावर चार दिवसांनी शंभरात दहाच उरले.

"म्हणजे मागचा आकडा लॉटरीचा होता," ओलास्कोआगा म्हणाला. "सोमवारी टाकी धुवायला काढ."

वाल्देमारनं त्या सकाळची एकेक गोष्ट आठवून पाहिली. डिंकाच्या पाण्याच्या बादलीत काय पडायचं राहिलं होतं ते त्याला कळलं. ते सांगण्यापेक्षा वजनकाटा बरा, असंही वाटलं. शेवटी टोपी हातात धरून तो बाईंपुढे उभा राहिला.

"तुम्ही होतात म्हणून एक गोष्ट झाली नाही. दुसरी वाटी."

"ती तर मला दिलीत की."

"तेच. ती इर्माची असते." त्यानं टोपीची कड चाचपली. "जाताना ती आभार मानून गेली नाही. मग तिचं संपलं असं मी कसं म्हणू? भरतो, जरा वेळ धरून बसतो. गार झाली की बादलीवरच्या गाळणीच्या फडक्यावर उपडी करतो. मोरी अंगणाच्या पार त्या टोकाला आहे, आणि माझे गुडघे हे असे."

"किती वाट्या?"

"सहा."

"आणि त्या दिवशी त्या मी प्यायले."

"चांगल्या प्यायलात."

बाई हसल्या नाहीत. "दाणा सुकताना ऑक्सिजन जिवाणूंना आतून जाळतो," त्या म्हणाल्या, "लोखंडाला गंज चढावा तसा. येर्बाच्या पाल्यात तो गंज अडवणारी अँटिऑक्सिडंट असतात. तीच बहुधा वाचवत असणार. चला, पुन्हा करून बघू. या खेपेला मला काही देऊ नका."

अडतीस उरले. टाकी राहिली. बाईंनी भिंतीवर कागद चिकटवला: डिंकाच्या पाण्यात येर्बाचा गार काढा, सहा वाट्या, कमी नाही, जास्त नाही. निघताना त्यांनी एक वाटी घेतली, "आभारी आहे," म्हणून परत दिली आणि बसमध्ये चढल्या.

दुसऱ्या दिवशी वाल्देमारनं सहा वाट्या मोजून बादलीत घातल्या. त्या आता संस्थेच्या होत्या. मग पहिली वाटी स्वतः प्यायला. दुसरी भरली, गार होईतो धरून बसला आणि सवयीनं फडक्यापाशी गेला. भिंतीवरचा कागद समोरच होता. एक वाटी जास्त झाली की प्रमाण बिघडणार.

वाटी घेऊन तो अंगण ओलांडून मोरीपर्यंत गेला, ती ओतली आणि परत आला. दुपारपर्यंत अशा सहा खेपा झाल्या. गुडघे दुखत होते. तसं त्यानं मंडळींना सांगितलं.