गिरगावच्या भिंतीवरचं जेली लायकेन

दर उन्हाळ्यात लालबागच्या डंकावर मसाला कुटायला द्यायच्या आधी मी सगळा माल घरी आणून निवडते. लेक बी.एस्सी.ला होती तेव्हा एकदा माझ्याबरोबर निवडायला बसली आणि दगडफुलाचा तुकडा उचलून म्हणाली, "आई, हे फूल नाहीये. बुरशी आणि शेवाळ एकत्र राहून हे तयार होतं. लायकेन म्हणतात याला, मराठीत शैवाक."

"म्हणजे इतकी वर्षं मी तुम्हाला बुरशी खायला घातली?"

"आणि शेवाळ पण."

आम्ही दोघी खूप हसलो. पुढे तिने पीएच.डी.ला हाच विषय घेतला. मुंबईच्या जुन्या वस्त्यांमध्ये कुठलं शैवाक अजून तग धरून आहे, ते तिला शोधायचं होतं.

त्याच सुमारास मी इस्पितळातून रिटायर झाले. आयुष्यभर नर्स होते, घरी बसायची सवय नव्हती. शिवाय तरुण मुलगी भिंग घेऊन भिंतीला नाक लावून उभी राहिली की वॉचमन लगेच हटकायचे. मग मी बरोबर जायला लागले. मी आपले पांढरे केस पुढे करून वॉचमनशी बोलायचे, तोवर तिचं काम होऊन जायचं.

दादरची जुनी झाडं आम्ही पाहिली, परळच्या गिरण्यांच्या उरलेल्या भिंती पाहिल्या. खोडांवर राखाडी चट्टे मिळायचे, ते ती नोंदवून घ्यायची. पण तिला हवं होतं जेली लायकेन नावाचं शैवाक. तिच्या सरांनी तर सांगून टाकलं होतं, "मुंबईच्या धुरात ते जगत नाही. वेळ घालवू नकोस, सरळ घाटात जा." ती घाटातही गेली. पण मुंबईचा हट्ट काही सोडला नाही.

गिरगावातल्या एका वाडीत एक ख्रिश्चन आंटी राहतात. घर पिढ्यान् पिढ्यांचं, बाजूला अंगण, अंगणात विहीर आणि चुन्यात बांधलेली जुनी भिंत. आम्ही रस्त्यावरून वाकून बघतोय म्हटल्यावर त्या बाहेर आल्या.

"काय गो, काय हरवलं?"

लेकीने सगळं समजावून सांगितलं. आंटींना किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी फाटक उघडलं.

पाऊस संपून बरेच दिवस झाले होते. भिंत कोरडी होती. वरच्या बाजूला, विहिरीकडच्या सावलीत, काहीतरी काळं, चुरगळलेलं चिकटलं होतं. मी म्हटलं, "अगं, ही तर खपली आहे. जखमेवर धरते तशी."

तिने आंटींकडून स्टूल मागून घेतलं. स्टुलावर चढली आणि बाटलीतून त्यावर पाण्याचा फवारा मारला. थोड्याच वेळात ती खपली फुगायला लागली. कडा उलगडल्या, काळ्याचा रंग गडद हिरवा झाला. मग ती उतरली आणि मला वर चढवलं. बोट लावलं तर गार, लिबलिबीत, आणि उजेड पार जाईल इतकं पातळ.

"जीजस! ही तर जेली," आंटी म्हणाल्या. "दर वर्षी मी ही भिंत घासून काढते. तिथवर हात पोचत नाही म्हणून राहिली."

लेक स्टूल धरून उभी होती, हसत होती आणि डोळे पुसत होती. आंटींना विचारून तिने नखाएवढाच तुकडा घेतला. जास्त का घेत नाहीस विचारलं तर म्हणाली, "फार हळू वाढतं गं ते."

तिचा पीएच.डी.चा व्हायव्हा सगळ्यांसाठी खुला होता. मी ठेवणीतली पांढरी साडी नेसून गेले. आंटीही आल्या, माझ्या शेजारी बसल्या. पडद्यावर फोटो आला तेव्हा मला कोपर मारून म्हणाल्या, "माझी भिंत."

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग इंग्रजीत विचारलं, "ओलसर जागी नॉस्टॉक नावाचं निळं-हिरवं शेवाळ नुसतंच वाढतं, तेही असंच जेलीसारखं दिसतं. हे शैवाकच आहे, कशावरून?"

 लेकीचा आवाज जराही हलला नाही. तिने पुढचा, सूक्ष्मदर्शकाखालच्या पातळ कापाचा फोटो लावला. त्यात मण्यांच्या माळा होत्या. "या माळा नॉस्टॉकच्याच आहेत, सर. पण त्यांच्या मधून हे धागे गेलेत ते बुरशीचे. इतर शैवाकांत शेवाळाचा वेगळा थर असतो. इथे थर नाही, दोघं सगळीकडे मिसळलेली आहेत. पाणी धरून ठेवणारी जेली नॉस्टॉकची. आणि ही तांबूस चकती बघा. तिच्यात बुरशीचे बीजाणू आहेत. नुसत्या नॉस्टॉकला अशी चकती येत नाही."

परीक्षकांनी मान हलवली आणि पेन खाली ठेवलं. मला कळलं, झालं.

माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते. मला नर्सिंगला घातलं तेव्हा त्यांनी चाळीतल्या सगळ्या मजल्याला चहा पाजला होता. आता घरात डॉक्टर आली. चहाच्या वेळी परीक्षक माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मुलीने पक्कं काम केलंय." मी नम्रपणे काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "हो सर, मी बघितलंय."

त्या रविवारी आमच्या चाळीच्या बुद्धविहारात वंदना झाल्यावर तिला चार शब्द बोलायला सांगितलं. तिने इंग्रजी बाजूला ठेवलं आणि घरात बोलते तसं बोलली. खालच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "बाळ, याचा उपयोग काय?"

"काका, हवेतला नायट्रोजन झाडांना थेट घेता येत नाही. हे तो धरतं आणि पुढे मातीला देतं. आणि हवा बिघडली की सहसा हे आधी जातं. म्हणून जिथे ते टिकलंय तिथे का टिकलं, ते शोधायचं."

काका म्हणाले, "मग शोध. आम्ही आहोत."

मी पुढच्याच रांगेत बसले होते. आपल्या मुलीसाठी आपणच आधी टाळ्या वाजवू नयेत, एवढं मला कळतं. तरी पहिल्या टाळ्या माझ्याच होत्या, आणि शेवटच्याही.