लेकीचं तूप आणि माझं वजन

डॉक्टरांचं अर्धं पाळलं आणि अर्धं मनानं जोडलं, चूक झाली ती तिथंच. गुडघे दुखतात म्हणून कारंज्याला दाखवायला गेलो, तर त्यांनी गुडघे सोडून पोटाकडेच पाहिलं आणि भाकर, भात, गूळ बंद केले. अंडी, मटण, पालेभाजी खा म्हणाले. वर चमचाभर तूप चालेल.

पंधरा दिवसांत चार शेर उतरलो. कामरगावच्या अडत्याकडे, ज्वारीच्या काट्यावर, साखळ्या धरून पारड्यात बसून, चारचौघांत तोललेलं वजन ते. खोटं कसं म्हणणार? मला वाटलं, ही सगळी करामत तुपाची. चमच्यानं चार शेर, तर वाटीनं किती!

घरात तूप होतं, पण ते लेकीचं होतं. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती. डिंकाच्या लाडवांसाठी बायको आमच्या एकुलत्या म्हशीचं लोणी कढवून बरणी भरत आणत होती. ती सकाळी गोठ्यात गेली, की मी त्या बरणीतून वाटीभर तूप प्यायचो आणि मिशा पुसून साळसूदासारखा ओसरीवर बसायचो.

पुन्हा पंधरा दिवसांनी पारड्यात बसलो. मागचीच वजनं, मागचाच मी.

"भाऊ, खाऊन काय राह्यले तुमी?" अडत्यानं विचारलं.

मी ऐटीत वाटीचं सांगितलं. तो पोट धरून हसला.

"दिव्यात रोज नवं तेल ओतसान, तर जुनं जळन कवा? पोटावर एवढं साठवलं हाये, ते तर सरू द्या आधी!"

घरी आलो तर चुलीवर कढई आणि शेजारी उघडी बरणी. तळ दिसत होता. लेक भिंतीला टेकून बसली होती; तिनं बरणी माझ्याकडे सरकवली. मी सगळं कबूल केलं. दुसऱ्या दिवसापासून घरोघर लोणी विचारत थेट धनजपर्यंत पायी हिंडलो. गुडघ्यांनी शिव्या घातल्या, पण आठवड्यानं बरणी भरली.

वाटलं, आता तरी घरातला राग निवळेल. बायकोनं बरणी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि लेकीसाठी घातलेल्या बाजेकडे बोट दाखवलं.

"बाळंतिणीचं तूप पेले ना तुमी? मंग निजा आता तिथं. कानाले फडकं बांधा, शेगडी मी ठेवतो खाली."