परवानगी धुळ्याला गेली आहे

रस्त्याकडची खोली रिकामी पडली होती, म्हणून मी ती एका चिनी दातांच्या डॉक्टरला भाड्याने दिली. मी केलं ते एवढंच. त्यानंतर शाळा सुटली की मी घराऐवजी कचेरीत जाऊ लागलो, आणि नंदुरबारातले निम्मे लोक मला मास्तर म्हणायचं सोडून चिन्याचा वकील म्हणू लागले.

डॉक्टर आमच्या भागात नवे नव्हते. युद्धाच्या आधीपासून ते लाकडी पेटी घेऊन सुरत-भुसावळ गाडीने हिंडायचे, अक्कलकुव्याच्या बाजारात झाडाखाली बसून दात काढायचे, कवळ्या बसवायचे. त्यांच्या गावावर जपान्यांनी बाँब टाकले तेव्हा परत जायचा विचार त्यांनी सोडून दिला. कलकत्त्यात जोडे शिवणाऱ्या एका चिनी कुटुंबातली मुलगी केली आणि तिला घेऊन ते आमच्याकडे बिऱ्हाड करायला आले. बोलायचे अहिराणी, बाजारात बसून शिकलेली. मराठी त्यांना समजायची, पण बोलता येत नव्हती. इंग्रजी तर दोन-चार शब्दांपलीकडे नाहीच.

दाताचं चित्र काढलेली पाटी त्यांनी दारावर लावली आणि दोन-चार दिवसांत पोलीस शिपाई आमच्या ओसरीवर हजर झाला.

"परदेशी माणूस घरात ठेवला तर घरमालकानं कळवायला पाहिजे, मास्तर. लढाई चालू आहे."

मी डॉक्टरांना घेऊन पोलीस कचेरीत गेलो. तिथला कारकून नुकताच कोकणातून बदलून आला होता. त्याने विचारलं, "इथे किती दिवस राहण्याचा मानस आहे?"

डॉक्टर म्हणाले, "मी आते आठेच ऱ्हासु. मन्हा धंदा आठेच शे."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. "हे चिनी आपल्याला मराठीत सांगा."

मी म्हणालो, "इथेच राहणार, धंदा इथेच आहे, म्हणतात. आणि ही चिनी नव्हे. अहिराणी आहे. सगळा गाव हेच बोलतो."

त्यावर त्याचा विश्वास बसला असं मला वाटत नाही. मग दीड तास मी अहिराणीचं मराठी करत बसलो आणि तो मराठीचं इंग्रजी करून रकाने भरत राहिला. शेवटी सही आली. डॉक्टरांनी त्यांच्या लिपीत तीन अक्षरं नीट रेखून काढली. कारकून म्हणाला, "चित्र नको. सही करायला सांगा." डॉक्टरांना राग आला, पण त्यांनी दुसऱ्या कागदावर मुकाट्याने अंगठा उठवला. त्या दिवसापासून सरकारदरबारी ते निरक्षर झाले.

डॉक्टरांच्या बाईंचं प्रकरण त्याहून चमत्कारिक. त्या कलकत्त्यात जन्मल्या, तिथेच वाढल्या. चीन त्यांनी नकाशातसुद्धा धड पाहिला नसेल. त्यांना कशाला नोंदायचं, असं मी विचारलं. तो प्रश्न धुळ्याला, जिल्ह्याच्या कचेरीत गेला आणि महिन्याभराने उत्तर आलं की लग्नापर्यंत त्या ब्रिटिश प्रजा होत्या, परदेशी माणसाशी लग्न केल्यामुळे आता परदेशी आहेत. मी ते हिंदीत समजावून सांगितलं. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "मास्टरजी, मैं तो कहीं गयी ही नहीं. परदेसी कब बनी?"

मी धुळ्याचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

नोंद झाल्यावर कळलं की आता गाव सोडायचं तर दर खेपेला परवानगी. अक्कलकुव्याचा बाजार आठवड्यातून एकदा भरतो. परवानगीचा कागद नंदुरबारहून धुळ्याला जाऊन परत येईपर्यंत दोन बाजार उलटून जात. तापीकाठच्या एका म्हाताऱ्या गुजर पाटलांनी वरची कवळी बसवून घेतली होती, खालची व्हायची होती. ते खालच्या कवळीची वाट बघून कंटाळले आणि बैलगाडी जुंपून आमच्या दारात आले. डॉक्टर आत काम करत होते, तरी पाटील भांडले माझ्याशीच. "अर्ध्या तोंडानं माणसानं काय खावं, मास्तर?" मी त्यांना कायदा सांगायला लागलो. ते म्हणाले, "कायदा गिळता येत नाही."

अशातच बाईंना दिवस गेले. पहिलं बाळंतपण, आई कलकत्त्याला, आणि इथे भाषेपासून भाजीपर्यंत सगळं परकं. त्यांना आईकडे जायचं होतं. पाचव्या महिन्यातच मी दोघांचा अर्ज लिहिला, म्हणजे उशीर व्हायला नको. मी किती भोळा होतो ते पुढे कळलं.

नंदुरबारचा कारकून दर वेळी एकच वाक्य बोलायचा, "परवानगी धुळ्याला गेली आहे." म्हणून शाळेतली एक किरकोळ रजा मोडून, दोंडाईच्यापर्यंत रेल्वे आणि पुढे सर्व्हिस मोटार असा धूळ खात मी धुळ्याला गेलो. तिथे म्हणाले, अर्ज शेऱ्यासाठी नंदुरबारला परत पाठवलाय. नंदुरबारला विचारलं तर अर्ज पोचलेलाच नव्हता. सातव्या महिन्यात तो सापडला, आणि त्यावर धुळ्याचा शेरा होता: प्रवासाचं कारण पुरेसं नाही, नंदुरबार येथे प्रसूतीची सोय नाही काय?

मी तो शेरा घरी वाचून दाखवला. बायको भाकरी थापत होती. तिने तवा खाली उतरवला.

"त्या सायबले लिखा," ती म्हणाली, "पयलं बायतपन माहेरलेच व्हस. त्यानी बायको कोठे गयथी, ते इचारा."

साहेबाच्या बायकोचं सोडून बाकीचं मी इंग्रजीत लिहिलं. या देशाची रीत अशी आहे, असा एक परिच्छेदच घातला. उत्तर आलं नाही. आठवा सरला, नववा लागला आणि एवढ्या लांबच्या प्रवासाला बाईंना पाठवणं शक्यच राहिलं नाही. मग बायकोने आमची मधली खोली मोकळी केली, सुईणीला सांगून ठेवलं, बाळंतविड्याची तयारी केली आणि मला बजावलं की आता कोणताही कागद घरात आणायचा नाही. एका दुपारी मुलगी झाली. दोघीही सुखरूप होत्या. डॉक्टर तोवर ओसरीवर बसून दात काढायचा तोच तो चिमटा पुसत होते. मुलगी झाल्याचं सांगितलं तर मान डोलावून आणखी थोडा वेळ पुसतच राहिले. मग एकदम रडायला लागले.

जन्माची नोंद करायला आम्ही दोघं नगरपालिकेत गेलो. तिथला कारकून गावचाच, ओळखीचा. सगळं सुरळीत चाललं होतं, जातीच्या रकान्यापर्यंत.

"जात?"

"चिनी," मी म्हणालो.

"चिनी हा मुलूख झाला, मास्तर. जात सांगा."

डॉक्टर म्हणाले, "आम्हनामा जात नही ऱ्हास."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही," कारकून म्हणाला. त्याने थोडा विचार केला आणि आम्हाला मदत करतोय अशा चेहऱ्याने लिहिलं: परदेशी. आता खानदेशात परदेशी म्हणजे उत्तर हिंदुस्थानातून पिढ्यान्‌पिढ्या आधी आलेले लोक. गावोगाव त्यांची घरं आहेत, कित्येकांचं आडनावही तेच. मी हरकत घेतली नाही. निदान रकाना भरला, असं वाटलं.

आणि त्याच आठवड्यात धुळ्याहून परवानगी आली. नवरा-बायको, कलकत्त्याला जाऊन-येऊन. बाळंतपणासाठी.

हसावं की कागद फाडावा, मला कळेना. पण बाईंची आई तिकडे वाट पाहत होती, म्हणून मी परवाना आणायला पोलीस कचेरीत गेलो. मुलगी या भूमीवर जन्मली, म्हणजे कायद्याने ती ब्रिटिश प्रजा. तिला परवानगीची गरज नाही, असं सांगून मी तिचा दाखला पुढे ठेवला. कोकणातल्या कारकुनाने तो वाचला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

"इथे तर परदेशी लिहिलंय."

"ती जात आहे."

"चिनी माणसाच्या मुलीची जात परदेशी, आणि तरी ती परदेशी नाही?"

"नाही."

"मास्तर, तुम्ही मुलांना काय शिकवता?"

मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही. दाखला दुरुस्त करायला नगरपालिकेत गेलो, तर एकदा चढवलेली जात मामलेदारांच्या हुकुमाशिवाय बदलता येत नाही असं कळलं. मामलेदार फिरतीवर होते. धुळ्याला जाऊन गाऱ्हाणं घालायला डॉक्टर यायला तयार होते, पण धुळ्याला जायलाही त्यांना परवानगी लागणार, आणि ती धुळ्याहूनच यायची. तेव्हा पुन्हा मी एकटाच निघालो.

या खेपेला मी टेबलांच्या नादी लागलो नाही. साहेबांच्या खोलीबाहेर दुपारपर्यंत बसून राहिलो. साहेब देशीच होते, वयस्क. त्यांनी सगळं ऐकलं, दाखला पाहिला आणि म्हणाले, "परदेशी आहेत ना? मग त्यांना परवानगी कशाला हवी? माझ्या शेजारी तीन पिढ्या परदेशी राहतात."

मी डोळे मिटून घेतले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आई-बाप परदेशी आहेत, पण जातीने परदेशी नाहीत. मुलगी परदेशी नाही, पण जातीच्या रकान्यात परदेशी आहे. साहेबांनी दाखला पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी परवान्यावर "सोबत तान्हे मूल" एवढं लिहून सही केली. ती कोणाची प्रजा, त्यावर चकार शब्द नाही. पण गाडीत बसायला तेवढं पुरे होतं.

बायकोने बाईंना डिंकाचे लाडू बांधून दिले आणि बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालाला तीट लावली. स्टेशनवर शिपाई त्यांना गाडीत बसलेलं बघायला आला होता. त्यालाही तिने एक लाडू दिला. मला ते आवडलं नाही.

उन्हाळा संपताना ती तिघं परत आली. बाईंच्या अंगावर तेज आलं होतं. आईने नातीला भरपूर खेळवलं होतं, चांदीची साखळी घातली होती. आमच्या घरात त्या दिवशी सगळे एकदमच बोलत होते. चहा झाल्यावर डॉक्टरांनी खिशातून एक लिफाफा काढला.

"मास्तर, हाई काय लिखेल शे ते दखा ना."

कलकत्त्याच्या पोलिसांचा कागद होता. तिकडे मुक्काम लांबल्यामुळे त्यांची नोंद नंदुरबारहून कलकत्त्याला बदलली होती. इथे ते आता नवे परदेशी होते आणि पोचल्याबरोबर हजेरी देऊन सर्व रकाने पुन्हा भरायचे होते.

कचेरी बंद व्हायला अजून अवकाश होता. मी टोपी घातली आणि डॉक्टरांना म्हटलं, चला.