तांबड्या दगडाचा आवाज

लातूरच्या कॉलेजात दरवर्षी मी पोरांसमोर ग्रॅनाइटचे दोन तुकडे ठेवते, एक करडा, एक तांबडा. दोन्ही आमच्या भोकरकडचे. करड्याचा दाणा बारीक, तांबड्याचा जाड, आणि त्याला लाली आणणारा फेल्स्पार त्यात भरपूर. एवढं पुस्तकात आहे. पुढचं सांगायची वेळ आली की मी फळ्याकडं तोंड करते.

पुढचं आबांनी शिकवलेलं. आबा म्हणजे माझे वडील, भोकरजवळच्या खाणीत दगड फोडायचे. पाचर ठोकण्याआधी धोंड्यावर हातोडी वाजवून ऐकायचं, ही त्यांची रीत. करडा अख्खा असला की टण्णकन बोलतो, आत चीर असली की भद्द. त्यात फसगत नाही. तांबडा मात्र लई लबाड. तो अख्खा असला तरी आवाज जरा बसकाच, त्यामुळं चीर लपून जाते. म्हणून त्याला तीन ठिकाणी वाजवायचं, मगच हो म्हणायचं. सुरुंगांनी आबांचे कान गेले तेव्हापासून सकाळच्या पहिल्या धोंड्याला ऐकायचं काम माझं. ते वाजवायचे आणि माझ्या तोंडाकडं बघायचे. मी मान हलवली की पाचर.

त्या दिवशी नांदेडला माझं प्रॅक्टिकल होतं आणि एसटी सुटायला आलेली. धोंडा तांबडा. आबांनी एकदा वाजवला. भद्द. ऐकलं मी, खोटं कशाला बोलू? पण मनात म्हणलं, तांबड्याचा असाच असतोय, आणि मान हलवली. त्यांनी दुसऱ्यांदा हातोडी उचलली तर मी घड्याळाकडं बोट दाखवलं. मेली ती घाई!

संध्याकाळी परतले तर आबांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. धोंडा भलतीकडून फुटून हातावर आला होता. "माझंच चुकलं, कान गेल्यावर खाण सोडाया पायजे होती," एवढंच ते म्हणाले. आईनं तेच धरलं. जेवायला वाढताना रोज तिचं सुरू, "बहिरा तर बहिरा, वर हट्टी! घराचं वाटोळं केलं." ती दिवसभर लोकांचा कापूस वेचायची, मला शिकवायची, आणि मी तोंड शिवून बसायची. इतकी वर्षं. आठवलं की काळीज फाटतं, आणि फाटायलाच पाहिजे.

यंदा दिवाळीला गेले. आबा ओट्यावर लसूण सोलत होते, आतून आईचं तेच बोलणं येत होतं. मला राहवेना. बहिऱ्या माणसाला काही हळू सांगता येत नाही. त्यांच्या कानाला तोंड लावून मी ओरडले, "आबा, दगड भद्द वाजला होता! मला ऐकू आलतं! तरी मी मान हलवली!" आणि तिथंच रडायला लागले.

आबांनी लसूण खाली ठेवला.

"ठाऊक हाय, माय. फुटल्यावर बघितली की मी चीर. एवढी मोठी चीर तुला ऐकू येईना व्हय?" मग दोन बोटांच्या हातानं माझे डोळे पुसत म्हणाले, "आईला सांगू नको. ती मला बोलली तर मला ऐकू येत न्हाई. तुला बोलली तर तुला ऐकू येईल."

आई त्यांचं ताट घेऊन त्यांच्या पाठीमागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.