वाकावं लागू नये म्हणून

नाशिकमधल्या एका ऑर्केस्ट्रात मी पाच-सहा वर्षं लीड गिटार वाजवली. दोन हजार सालानंतरचा तो काळ. गणपती आणि नवरात्रात आम्हाला जेवायला फुरसत नसे. स्टेजवर आम्ही तिघी बायका असायचो. दोघी गायच्या, त्यामुळे त्यांचं कुणाला काही वाटत नसे. तिसरी मी, गळ्यात गिटार अडकवून पुढच्या रांगेत उभी. लोक आधी माझ्याकडे बघायचे, मग गिटारकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि हीच वाजवतेय अशी खात्री पटली की मग गाणं ऐकायचे.

ऑर्केस्ट्राच्या मालकांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. दादांचा नियम होता की बायकांनी एकसारखी साडी नेसायची. मी एकदा पंजाबी ड्रेसचं विचारून पाहिलं, तर म्हणाले, "फॅमिली प्रोग्रॅम असतो आपला." म्हणजे साडीच. समोर देव असल्यामुळे चपला स्टेजखाली काढायच्या. त्यामुळे मी मोरपंखी जॉर्जेटच्या साडीत, अनवाणी पायांनी, इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे.

पायाशी डिले पेडल असायचं. हातात मावेल एवढी लोखंडी डबी. आपण एक सूर छेडला की ही डबी तो थोड्या वेळाने परत म्हणून दाखवते, विहिरीत डोकावून हाक मारल्यासारखा. किती वेळाने आणि किती वेळा, ते बटणं फिरवून ठरवायचं. संथ गाण्याला एक माप, नाचाच्या गाण्याला दुसरं. माप चुकलं की परत आलेले सूर तालात लुडबुड करतात आणि वाजवणाऱ्याला काही येत नाही असं वाटतं. म्हणजे दर गाण्याआधी वाका आणि बटणं फिरवा.

एका वर्षी गणपतीत एकलहऱ्याच्या बाजूला आमचा कार्यक्रम होता. दुसरं गाणं संपलं आणि मी वाकले. साडीत वाकायचं म्हणजे एका हाताने पदर, एका हाताने गिटार, मग बटणं कशाने फिरवायची? खालून शिट्टी आली. मग दुसरी. आमचा निवेदक हा स्वतःला फार विनोदी समजायचा. तो माइकमध्ये म्हणाला, "मॅडमचं काहीतरी पडलंय, कुणाला सापडलं तर आणून द्या!" सगळं मैदान हसलं. मी घाईघाईत कसंतरी बटण फिरवलं, माप चुकलं, आणि पुढचं अख्खं गाणं माझेच सूर माझ्या पायात येत राहिले. रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता.

कार्यक्रम झाल्यावर टेम्पोत सामान भरताना दादा म्हणाले, "तू असं कर, मागं ड्रमच्या शेजारी खुर्ची टाकून बस. स्टुलावर तुझी ती डबी ठेव. कुणाला दिसायचा प्रश्नच नाही."

"मी बसणार नाही, दादा. पुढेच उभी राहीन."

"मग वाकायचं बंद कर. नवरात्रात पहिल्या माळेला बघू. परत असं झालं तर गिटार कीबोर्डवर वाजेल. त्यात गिटारचा आवाज आहे, आणि त्याला साडी नेसवावी लागत नाही."

ते हसत म्हणाले, पण त्यांना ते खरंच करायचं होतं हे मला कळत होतं. शिट्ट्या मारणारे खाली, विनोद करणारा माइकवर आणि मागे जाऊन बसायचं मी! घरी पोचेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. माप आधीच साठवून ठेवता येतं आणि नुसत्या पायाने बदलता येतं असं पेडल मिळतं, हे मला ठाऊक होतं. ते आणायचं. नाशिकच्या दुकानात ते नव्हतं, म्हणून मुंबईला जायचं.

आमची मखमलाबादला फुलशेती. आई रोज पहाटे झेंडू आणि गुलाब घेऊन बाजारात बसायची. मुंबईला एकटी जाते म्हटल्यावर ती सोबत निघाली. पेडल म्हणजे काय हे मी एसटीत बसल्यापासून सांगत होते. इगतपुरी गेल्यावर ती म्हणाली, "त्यापरीस एखादा माणूस बसव ना खाली, बटणं फिरवाया." मी तो विषय बंद केला.

दुकानदाराने तीन पेडल समोर मांडली. मी चप्पल काढून पाय उचलला, तर आईने माझा दंड धरला.

"अगं, वाद्य हाय ना ते? त्याला पाय लावती?"

"आई, ते पायानेच वाजवायचं असतं."

"असंल. पण आधी पाया पड."

दुकानदार बघत राहिला. मी खाली वाकून तिन्ही डब्यांना हात लावला आणि तो कपाळाला टेकवला, तेव्हा कुठे आईने दंड सोडला.

पहिल्या पेडलचा आवाज ऐकला आणि माझा जीवच जडला. परत येणारा सूर इतका ऊबदार, की मी एकच सूर पुन्हा पुन्हा छेडत बसले. पण त्याला काहीच लक्षात राहत नव्हतं, माप बदलायचं तर पुन्हा वाकणं आलंच. दुसऱ्यात शेकडो आवाज होते, सगळे साठवता येत होते, पण एकावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये आवाज क्षणभर गुडुप व्हायचा. मला काढायला दादांना तेवढंच पुरलं असतं. तिसरं दिसायला साधं, आवाजाला जरासं कोरडं. त्यात चार मापं साठवायचे चार कप्पे होते. बटणावर पाय दिला की पुढचा कप्पा, चौथ्यानंतर परत पहिला, आणि प्रत्येकासमोर एक बारीक लाल दिवा.

मी चारही कप्पे भरले आणि सरळ प्लग उपटला. दुकानदार ओरडलाच. मी म्हटलं, आमच्याकडे लोडशेडिंग असतं, लाईट गेल्यावर हे सगळं विसरणार असेल तर मला नको. प्लग परत लावला, पाय दिला, चारही मापं जागच्या जागी. तरी मी पुन्हा एकदा पहिल्या पेडलकडे गेले. ते हवं होतं मला, खूप हवं होतं. आई बाजारात गिऱ्हाइकाकडे बघते तसं माझ्याकडे बघत होती. "कशापायी आलो आपण?" तिने विचारलं. मी तिसरं बांधून घेतलं. परतीच्या एसटीत घाट चढेपर्यंत पहिल्याचा सूर माझ्या कानात होता.

मग नवरात्रापर्यंत रोज तालीम. ढोलकीवाल्याला बजावलं की स्टेजवर रंगात येऊन पळायचं नाही, जी लय तालमीत तीच तिथे. दर चार गाण्यांनी तीच चार मापं फिरून येतील असा गाण्यांचा क्रम लावून घेतला आणि घरात उभ्याने पाय देऊन देऊन सराव केला. मी इतकी तयार होते की मला नवरात्राची भीती उरली नव्हती.

पहिल्या माळेला पंचवटीत कार्यक्रम होता. पडदा उघडायच्या आधी मी पेडलला हात लावून कपाळाला टेकवला. आजचं वाकणं एवढंच, असं मनाशी म्हटलं. पडदा उघडला आणि मी खाली बघितलं. पेडल दिसतच नव्हतं. दुकानात मी पंजाबी ड्रेसमध्ये होते, घरी गाऊनमध्ये. साडीच्या निऱ्या पार पायाच्या बोटांवर येतात हे इतकी वर्षं स्टेजवर साडी नेसणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नव्हतं! बटण अंगठ्याला लागत होतं, पण लाल दिवे निऱ्यांखाली गडप.

क्रमाने जाऊ, असं ठरवलं. एक गाणं, एक पाय. पहिलं छान झालं, दुसरं त्याहून छान. तिसरं संपलं, मी पाय देऊन चौथ्यावर गेले, आणि समोरून आरडाओरडा सुरू झाला, "वन्स मोअर!" मंडळाच्या अध्यक्षांनी उठून हात हलवला. दादांनी खूण केली. परत तिसरं, म्हणजे पूर्ण फेरी घालून तीनदा पाय द्यायचा. मी भराभर पाय दिला, मोजताना गडबडले, आणि आता कोणता कप्पा आहे याचा पत्ताच लागेना. ढोलकी सुरू झाली होती. दादा माझ्याकडे बघत होते. कीबोर्डवाल्याने तर हात तयारीतच ठेवले होते. आणि निवेदकाने माइक उचलला, "मॅडमचं पुन्हा काहीतरी..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी डाव्या हाताने निऱ्या धरल्या, वर उचलल्या आणि ओचा कमरेला गच्च खोचला. झेंडूच्या वाफ्यात पाणी धरताना आई खोचते, अगदी तसा. घोटे उघडे, पाऊल उघडं, पेडल उघडं. दुसरा दिवा लागला होता. मी एकदा पाय दिला, तिसरा लागला, आणि मी वाजवायला लागले. कुणीतरी शिट्टी मारली असेलही. मला ऐकूच आली नाही, कारण माझे सूर जिथे पडायला हवेत तिथेच पडत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. निवेदकाने माइक खाली ठेवला. उरलेला सगळा कार्यक्रम मी ओचा खोचूनच वाजवला.

शेवटी दादा आले. साडीबद्दल बोलतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग पेडलकडे पाहिलं. "उद्या आठला ओझरला पोच," एवढंच म्हणाले आणि टेम्पोकडे गेले. खुर्चीचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही.

आईही कार्यक्रमाला आली होती, बायकांच्या गर्दीत पार मागे बसली होती. मी सामान घेऊन तिच्याकडे गेले आणि विचारलं, कसं झालं. गाण्यातलं तिला काही सांगता येणार नव्हतं, तरी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "पुढं लय डोकी व्हती. दुसरं कुणी धड दिसलं नाय. पण तू एकदा बी खाली वाकली नाय ना, म्हणून तू मला सगळा येळ दिसत व्हती."